दहा वर्षांची मुलगी आणि बेतवेवरचे राफ्टिंग : ग्वाल्हेर ते ओरछा

जनकगंजवाली

मागील वर्षी मे महिन्यात आम्ही तिघे गाडीने ऋषिकेशला गेलो होतो. ग्वाल्हेरहून आग्रा, तेथून यमुना द्रुतगती मार्ग, पुढे मेरठ, मुझफ्फरनगर, रुडकी आणि हरिद्वार असा साडेपाचशे किलोमीटरांहून लांबचा पल्ला होता. त्या संपूर्ण वाटेवर मुलीच्या तोंडी राफ्टिंगखेरीज, म्हणजे फुगवलेल्या रबरी होडीतून नदीच्या खळाळांवरून जाण्याखेरीज, दुसरा विषय नव्हता. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. उत्तराखंडात राफ्टिंगसाठी किमान वय १४ वर्षे आहे, हे आम्ही निघण्यापूर्वी पाहिले नाही, ही चूक सर्वस्वी आमची. परंतु ज्या दुकानात आम्ही चौकशी केली, तेथील माणसाने हा नियम आम्हाला सांगितलाच नाही. त्याने अर्ज पुढे केला, मुलीकडे एक नजर टाकली आणि वयाच्या रकान्यात चौदा लिहा म्हणाला. यजमानांनी पेन हातात घेतले होते. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, ‘‘पण बाबा, मी तर नऊ वर्षांची आहे.’’ यजमानांनी पेन खाली ठेवले, आणि बाहेर लावलेली पाटी आम्ही तेव्हा प्रथम नीट वाचली. त्या दिवशी ती घाटावर बसून रडली, रात्री जेवली नाही, आणि परतीच्या वाटेवर मथुरेपर्यंत तिने आमच्याशी धड बोलणे केले नाही.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की आपल्यापैकी अनेक जण उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन त्याच वाटेने जातात, आणि मुलाचा हट्ट समोर असताना रकान्यात खोटा आकडा लिहिणे किती सोपे वाटते ते मी पाहिले आहे. तो आकडा लिहिला, तर पुढे नदीत जे काही होईल त्याचा हिशेब त्या क्षणीच चुकलेला असतो, कारण राफ्टवरचा गाइड त्याला चौदा वर्षांचे मूल समजून नाव हाकणार असतो.

यंदा दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही ओरछ्याला गेलो. रामराजाच्या दर्शनाला आपण ग्वाल्हेरकर नेहमीच जातो, पण तेथे बेतवा नदीवर राफ्टिंग होते हे मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते. सकाळी सहाला घर सोडले. डबरा, सिंध नदीवरचा पूल, सोनागिरच्या टेकडीवरची पांढरी जैन मंदिरे, दतिया, झाशी आणि ओरछा असा सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा रस्ता आहे. मुलीला गाडी लागते, म्हणून निघताना तिला कोरडी दशमी आणि आलेपाकाची एक वडी एवढेच दिले, आणि त्याचा उपयोग झाला. झाशीत थोडे थांबून ज्या गणेशमंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचे लग्न लागले ते पाहिले. ग्वाल्हेरच्या फुलबागेतली राणीची समाधी मुलगी रोज शाळेत जाताना पाहते, त्यामुळे या मंदिरासाठी आग्रह तिचाच होता.

आता नदीविषयी. ओरछ्याजवळ बेतवा बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटमधून वाट काढते. पात्र रुंद असले तरी खडकांमुळे ते अनेक धारांत फुटते, आणि जेथे दोन खडकांमध्ये धार आवळली जाते तेथे खळाळ तयार होतो. खळाळांच्या, सोप्यापासून अवघडापर्यंत, एकूण सहा श्रेणी मानतात. येथील बहुतेक खळाळ पहिल्या श्रेणीचे, फार तर दुसऱ्या. मधूनमधून लांब, संथ डोह लागतात, आणि लहान मुलाला श्वास घेण्यासाठी, भोवती पाहण्यासाठी व प्रश्न विचारण्यासाठी त्या डोहांचा जो उपयोग होतो, तो मला फार मोलाचा वाटला. राफ्टवर आम्ही तिघे, झाशीचे एक जोडपे आणि गाइड असे सहा जण होतो, आणि सारे मिळून दीडेक तास लागला.

गाइड तेथल्याच नावाड्यांच्या घरातला, पंचविशीतला तरुण होता. त्याने पाण्याकडे जाण्याआधी मुलीला सपाट दगडावर उभे केले, पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या लाइफ जॅकेटचे सगळे बंद आवळले आणि मग दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून जॅकेट सरळ वर ओढले. ते तिच्या नाकापर्यंत आले. एक शब्दही न बोलता त्याने ते काढले, मागच्या ढिगातून दुसरे, जुने, फिकट नारिंगी जॅकेट आणले, पुन्हा आवळले, पुन्हा ओढले. या वेळी ते हनुवटीच्या खालीच अडले. माझे आणि यजमानांचे जॅकेटही त्याने याच रीतीने तपासले. मी मुलीच्या चष्म्याच्या दोन्ही काड्यांना पायजम्याची जुनी नाडी बांधून ती डोक्यामागे घट्ट केली होती, ती पाहून त्याने मान डोलावली आणि वरून हेल्मेट घातले.

पहिल्या डोहात त्याने मुलीला जवळ बसवून पाणी वाचायला शिकवले. पुढे खळाळ दिसू लागला की पाण्यावर त्रिकोणासारखा आकार उमटतो. त्रिकोणाचे टोक प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे आपल्यापासून दूर, असेल तर ती गुळगुळीत जीभ दोन खडकांमधली वाट असते. टोक आपल्याकडे रोखलेले असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक दडलेला असतो आणि पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी फाकलेले असते. खडकाच्या मागे पाणी उलट फिरते, तेथे राफ्ट विसावू शकते. हे सारे त्याने पाच मिनिटांत, वल्ह्याच्या टोकाने दाखवून सांगितले. तिसऱ्या खळाळाच्या आधी मुलगी हात लांब करून म्हणाली, ‘‘डावीकडचा दगड आहे, उजवीकडची वाट आहे.’’ गाइडने राफ्ट उजवीकडे घेतली. घरी तिला गणिताच्या आकृत्या समजावताना मी किती तास घालवले आहेत ते मला आठवले, आणि आकृतीचा अर्थ तिला इतका पटकन कळताना मी प्रथमच पाहिले.

शेवटच्या डोहात गाइड म्हणाला, की ज्यांना इच्छा आहे त्यांनी दोर धरून पाण्यात उतरावे. झाशीचे गृहस्थ उतरले, यजमान उतरले. मुलगी नको म्हणाली. सहप्रवाशांनी प्रेमानेच, पण पुनःपुन्हा, ‘‘अगं, उतर की, घाबरायचे काय,’’ असा आग्रह केला. तिच्या ओठांना कंप सुटला. तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले, की ती नाही म्हणाली आहे आणि आता तो विषय नको. गाइडने आग्रह केला नव्हताच. आपल्या मुलांना घेऊन असे जलप्रवास केलेल्यांनी, विशेषतः लहान वयाच्या मुलांसह, आपले अनुभव येथे लिहावेत अशी विनंती आहे.

दौलतगंज

ताई, फार उपयुक्त लिहिले आहे. माझा मुलगा आठ वर्षांचा असून त्याचे वजन २२ किलो आहे, आणि त्याला पोहता येत नाही. त्याला नेणे योग्य होईल का? दुसरे असे, की कोणत्या महिन्यात जावे? आम्हाला मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर सवड मिळेल.

झाशीतला मराठी

महिन्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण गेली वीस वर्षे बेतवा माझ्या नजरेसमोर आहे. या नदीचे उन्हाळ्यातले पाणी पावसावर नव्हे, तर वरच्या धरणांवर अवलंबून असते. राजघाट आणि माताटीला ही दोन मोठी धरणे ओरछ्याच्या वरच्या अंगाला आहेत, त्याखाली ढुकवाँचा जुना बंधारा आहे, आणि कालव्यांसाठी पाणी वळवले की खाली ओरछ्यात नदीचा नूरच बदलतो. पावसाळ्यात पूर असतो, तेव्हा कोणीही नदीत उतरू नये. छत्र्यांजवळचा, म्हणजे तेथील राजांच्या स्मारकांजवळचा, अरुंद पूल मोठ्या पुरात पाण्याखाली गेलेला मी पाहिला आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चच्या अखेरीस खडक उघडे पडू लागतात, राफ्ट जागोजागी घासते आणि एखादा खळाळ नुसता ओढून पार करावा लागतो. म्हणून मार्चमध्ये यायचेच असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पाणी किती आहे ते विचारावे, आणि कमी आहे असे उत्तर आले तर ते खरे मानावे.

मोरारनिवासी

मला या धाग्यात थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो, आणि तो कोणाला दुखावण्यासाठी नाही. दहा वर्षांच्या मुलीला, जिला पाण्यात उतरण्याची भीती वाटते, वाहत्या नदीत नेण्याची गरज काय होती? तलाव आहे, पोहण्याचा हौद आहे. नदीत दरवर्षी माणसे बुडतात, त्यांतली कित्येक पट्टीची पोहणारी असतात. माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र चंबळेत गेला, आणि त्याच्या घरी आजही कोणी सहलीचे नाव काढत नाही. हौस मुलीची होती की आपली, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

जनकगंजवाली

मोरारनिवासी, तुमच्या भावाच्या मित्राविषयी वाचून वाईट वाटले. तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. हौस सुरुवातीला तिची होती, मधल्या काळात आमचीही झाली, आणि त्यामुळेच आम्ही नदी बदलली. ऋषिकेशच्या गंगेचे पाणी हिमनद्यांतून येते, ते मे महिन्यातही हाडे गोठवणारे थंड असते, आणि तिथले खळाळ तिसऱ्या श्रेणीपर्यंत व त्यापुढेही जातात. बेतवेच्या ज्या भागात आम्ही गेलो तेथे बहुतेक ठिकाणी काठ हाकेच्या अंतरावर होता.

तिची भीती पाण्याची नव्हती, हे मला नंतर तिच्याकडूनच कळले. पायाखाली तळ दिसत नाही, याची ती भीती होती. ती पोहायला शिकलेली आहे, परंतु हौदाचा निळा तळ तिला दिसतो आणि नदीचा दिसत नाही. ही भीती मला रास्त वाटते आणि ती घालवण्याची मला घाई नाही. पट्टीचे पोहणारे बुडतात, हे तुमचे म्हणणेही अगदी खरे आहे, आणि त्याचे एक कारण गाइडने आम्हाला सांगितले. वाहत्या पाण्यात पडलेला माणूस सवयीने उभे राहण्याचा प्रयत्न करतो, पाय दोन खडकांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारे पाणी त्याला पुढे वाकवून दाबून धरते. पाणी कमरेएवढे असले तरी हे घडते. म्हणून पडल्यावर पाठीवर व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि बोटे पाण्याबाहेर ठेवायची, आणि पाणी अगदी उथळ व संथ होईपर्यंत उभे राहायचे नाही. हे त्याने मुलीकडून काठावरच्या वाळूत आडवे पडून तीनदा करवून घेतले. आमच्याकडूनही करवून घेतले.

दौलतगंज यांच्या प्रश्नाविषयी : पोहता न येणे हा माझ्या मते पहिला अडसर नाही, जॅकेट न बसणे हा आहे. जॅकेट तरंगत ठेवते, पण ढिले असेल तर अंगातून वर निसटते आणि मूल त्याच्या आत बुडते. मुलगा आठ वर्षांचा आणि अंगाने बारीक असेल, तर जांघेतून जाणारा पट्टा असलेले लहान मापाचे जॅकेट तेथे आहे का, एवढे आधी विचारावे. नसेल तर पुढच्या वर्षी.

गंगाकाठचा काका

माझा मुलगा पंधरा वर्षांचा असताना आम्ही ग्वाल्हेरहून गाडीने ऋषिकेशला गेलो आणि शिवपुरीपासून खाली आलो. तो सुमारे १६ किलोमीटरांचा टप्पा आहे. येथील बहुतेक पालक मुले चौदाची झाली की तिकडे जाणारच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तेथील खळाळांना इंग्रजी नावे आहेत, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, क्लब हाउस अशी, आणि मुले ती नावे आधीच पाठ करून येतात. नावे ऐकून हसू येते, पाणी पाहून येत नाही. गोल्फ कोर्समध्ये आमची राफ्ट जवळजवळ उभी झाली आणि मी मागच्या मागे पाण्यात पडलो. गारठ्याने छातीतला श्वास आत ओढला गेला आणि काही क्षण बाहेर पडेना. पाय वर घ्यायचे हे डोक्यात होते, पण ते आठवायला जो वेळ लागला तेवढ्यात मी राफ्टपासून वीसेक हात पुढे गेलो होतो. राफ्टच्या सोबतीने कयाक, म्हणजे एकट्याची लहान होडी, चालवणारा मुलगा माझ्यापर्यंत पोहोचला, मी त्याच्या होडीचे टोक धरले. पिशवीत भरलेला दोर फेकला जातो तेव्हा पिशवी नव्हे, दोर धरायचा असतो, आणि तो मनगटाला कधीही गुंडाळायचा नसतो, छातीशी धरून पाठीवर व्हायचे असते, हे मला त्या मुलाने नंतर काठावर पुन्हा सांगितले.

माझ्यापेक्षा गंभीर गोष्ट मुलाबाबत घडली, आणि ती पडल्याने नव्हे. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते. ती तळहाताने झाकून धरायची असते. मुलाने एका खळाळात हात सोडला आणि ती मूठ पुढच्या मुलीच्या तोंडावर आपटली. तिचा वरचा ओठ फाटला आणि एक दात हलला. ती कोणा दुसऱ्याच कुटुंबातली होती. तिच्या वडिलांपुढे उभे राहून क्षमा मागताना माझ्या मुलाचे हात थरथरत होते, आणि त्या वेळी मला माझ्या पडण्याची आठवणही राहिली नाही. मुलांना आपण स्वतःला कसे वाचवायचे ते शिकवतो. हातातले वल्हे दुसऱ्याला लागू शकते, हेही तितक्याच गांभीर्याने शिकवावे.

ताई, तुम्ही त्या रकान्यात खोटा आकडा लिहिला नाहीत, याबद्दल तुमचे मनापासून अभिनंदन. मी तेथील काठावर अशी मुले पाहिली आहेत, ज्यांचे हेल्मेट डोळ्यांवर येत होते.

इंदूरचा भटक्या

आम्ही इंदूरहून धुळे, नाशिक करत दोन दिवसांच्या मुक्कामी प्रवासाने कोलाडला गेलो होतो, कारण आजोळ पेणजवळ आहे आणि मुलांना ते दाखवायचे होते. रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिकेवरचे राफ्टिंग या धाग्यातल्या दोन्ही नद्यांपेक्षा वेगळ्या प्रकारचे आहे. तेथे नदीला पाणी येते ते भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून. मुळशी धरणात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली आणून वीज तयार करतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह ज्या धरणाविरुद्ध झाला तेच हे पाणी, हे मी मुलांना काठावर सांगितले, आणि मोठीने विचारले, की मग ज्यांची गावे बुडाली ते कोठे गेले. त्या प्रश्नावर आम्ही परतीच्या वाटेवर बराच वेळ बोललो.

व्यवहाराची गोष्ट अशी, की वीजनिर्मितीसाठी पाणी सकाळी सुटते आणि त्या पाण्याबरोबरच राफ्ट निघतात. म्हणून भल्या पहाटे उठून, वेळेवर हजर राहावे लागते. उशीर झाला तर नदी आपल्यासाठी थांबत नाही. टप्पा बाराएक किलोमीटरांचा, खळाळ दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीचे. तेथेही आम्हाला वयाची अट चौदाच सांगितली. आमचा धाकटा अकरा वर्षांचा, तो आजीबरोबर काठावरच्या गावात थांबला. त्याचा हिरमोड झाला, पण आजीने त्याला त्या दिवशी ओढ्यात खेकडे कसे पकडायचे ते दाखवले, आणि आता तो राफ्टिंगपेक्षा खेकड्यांविषयीच अधिक बोलतो.

बडोदेकर

फार चांगली चर्चा चालू आहे. बडोद्याहून कोलाड एका दिवसात गाठता येते, आणि माझी मुलगी येत्या जूनमध्ये चौदा पूर्ण करील. तिला चष्म्याचा मोठा नंबर आहे. नाडीची युक्ती टिकली का?

जनकगंजवाली

होय, शेवटपर्यंत टिकली, मात्र गाठ ओली झाल्यावर सुटेना आणि ती कापावी लागली. दुकानात चष्म्यासाठी रबरी पट्टी मिळते, ती अधिक सोयीची ठरेल. एक जुना, जाड काचांचा चष्मा गाडीत राखून ठेवावा, म्हणजे नवा हरवला तरी परतीचा प्रवास सुखाचा होईल. सुती कपडे घालू नयेत, ते पाणी धरतात आणि वाऱ्यात अंग गारठते. पायांत घट्ट बसणारी, मागे पट्टा असलेली पादत्राणे असावीत. चपला नदीला देण्यासाठीच असतात असे गाइड म्हणाला.

मोरारनिवासी

तुमचे उत्तर वाचले आणि पत्नीलाही वाचून दाखवले. मी माझ्या मुलांना नेईन असे अजूनही वाटत नाही. परंतु वाळूत आडवे पडून सराव करवून घेतल्याची गोष्ट मला पटली, आणि ती मी मुलांना सांगितली आहे, कारण चंबळेवर आम्ही दर संक्रांतीला स्नानाला जातो.

दौलतगंज

कालच ओरछ्याहून परतलो, म्हणून येथे नोंद करतो. मार्चची वाट न पाहता आम्ही जानेवारीतच गेलो. झाशीतल्या मराठी बंधूंच्या सांगण्याप्रमाणे आदल्या दिवशी फोन केला होता, पाणी बेताचे पण पुरेसे आहे असे कळले होते. गाइड बहुधा तोच असावा, कारण त्यानेही मुलाला दगडावर उभे करून जॅकेट वर ओढले. सर्वांत लहान जॅकेटही मुलाच्या कानांपर्यंत आले. त्याने दोनदा बंद आवळून पाहिले आणि मग हात जोडून सांगितले, की हा या वर्षी नको. आम्ही भरलेले पैसे त्याने आपणहून परत केले.

मुलगा हिरमुसला, पण रडला नाही. आम्ही त्याला कांचन घाटावर छत्र्यांपाशी नेले. छत्र्यांच्या शिखरांवर गिधाडे बसली होती, घरटीही होती, आणि ती पाहण्यात त्याचा अर्धा तास गेला. मग पुलावर जाऊन मी त्याला ताईंनी लिहिलेले त्रिकोण शोधायला सांगितले. वरून ते स्पष्ट दिसतात. त्याने सात मोजले, चार वाटेचे आणि तीन दगडाचे. त्यांपैकी एकाविषयी आमचे एकमत झाले नाही, तेव्हा खालून एक राफ्ट येईपर्यंत आम्ही थांबलो. राफ्ट त्याने सांगितलेल्या बाजूने गेली. घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघराच्या दारावर आपली उंची पेन्सिलीने आखून ठेवली आहे आणि वजन २२ किलो असे शेजारी लिहिले आहे.